जोडीतली ती



गेल ऑम्वेट यांच्या स्मरणार्थ बोलायचं तर विषयांना तोटा नाही. महात्मा फुले आहेत, सत्यशोधक चळवळ आहे, बुद्ध आहे, पाणीवाटप आहे. मी स्थलांतर हा विषय मागून घेतला. त्याचं एक कारण गेल स्वतःच आहेत. 1941 साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात जन्मलेली ही मुलगी साठच्या दशकात पहिल्यांदा भारतात आली. पुढे पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर तिनं बर्कलीच्या विद्यापीठात पीएच.डी. केली. 1976 मध्ये वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या भारत पाटणकरांशी लग्न झालं, 1983 मध्ये तिनं भारताचं नागरिकत्व घेतलं आणि 25 ऑगस्ट 2021 रोजी कासेगावातच तिनं देह ठेवला.

आता कल्पना करा, की सरकारी पाहणी करणारा माणूस कासेगावात त्यांच्या दारात आला आहे. प्रश्नावलीत स्थलांतराचं कारण विचारलेलं असतं. कामधंदा, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर येणं, विस्थापन असे रकाने असतात. बाई परमुलखातल्या, नवरा इथला. त्यानं ‘लग्न’ या रकान्यात खूण केली असती आणि तो शेजारच्या घरी गेला असता. सत्यशोधकांचे जुने कागद शोधत गावोगाव फिरलेली संशोधक, दुष्काळी तालुक्यांत बायकांबरोबर मोर्चात चाललेली कार्यकर्ती, इतकी पुस्तकं लिहिणारी लेखिका, हे सगळं त्या एका खुणेखाली गेलं असतं.

हे एकट्या गेलबाईंपुरतं नाही. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत 2020-21 या वर्षी देशातल्या 47.9 टक्के स्त्रिया स्थलांतरित निघाल्या. पुरुषांचं प्रमाण होतं 10.7 टक्के. म्हणजे या देशात गाव सोडून दुसरीकडे राहायला गेलेलं माणूस बहुतेक वेळा बाईच असतं. आणि त्या स्त्रियांपैकी 86.8 टक्के लग्नामुळे आल्या, असं नोंदलं गेलं. आकडा खरा आहे. माझी तक्रार एवढीच, की तो लिहिला की चौकशी संपते. सासरी आल्यावर ती कुणाच्या रानात राबली, कुठल्या कारखान्याचा ऊस तिनं तोडला, नवऱ्यानं टाकल्यावर ती कुठे गेली, हे पुढे कुणी विचारत नाही. सातारा-सांगलीचं शंभर वर्षांचं स्थलांतर बायकांच्या कामावर उभं आहे, आणि त्यात बाई कधीच सुटी, स्वतःच्या नावानं मोजली गेलेली नाही. ती कायम कुणाच्या तरी जोडीनं मोजली गेली. आज मला हेच मांडायचं आहे.

गिरणीपासून सुरुवात करते. पाटण, जावळी, माण, खटाव, खानापूर या तालुक्यांतले पुरुष मुंबईला गेले. कुणी गिरणीत लागले, कुणी गोदीत, कुणी मसाल्याच्या आणि धान्याच्या बाजारात ओझी वाहिली. माथाडी कामगारांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. हा इतिहास आपण अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच हवा. पण त्याची दुसरी बाजू गावात होती. मुंबईच्या एका खोलीत पाळीपाळीनं झोपणाऱ्या दहा-पंधरा पुरुषांचा पगार एकेकाच्या पोटापुरता होता. त्यात संसार मुंबईला आणणं शक्य नव्हतं. म्हातारी माणसं, लेकरं, जनावरं आणि कोरडवाहू तुकडा गावी बाईकडे राहिला. पेरणीला मनीऑर्डर आली तर ठीक, नाहीतर उसनवारी. आजारी पडला, कामावरून काढला, म्हातारा झाला, की गडी परत तिच्याकडे यायचा. कामगाराला वाढवायचा, सांभाळायचा आणि शेवटी पोसायचा खर्च गिरणीमालकानं उचललाच नाही. तो या बायकांनी उचलला. एस्टर बोसरप या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी 1970 मध्ये स्त्रियांच्या शेतीकामावर आणि विकासावर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे जगातल्या नियोजनकारांचं लक्ष या गोष्टीकडे गेलं. माण-खटावच्या सासवासुनांना ती त्याआधी पन्नास वर्षं ठाऊक होती.

मुंबईत पोचलेल्या बायकांचं काय झालं, हेही पाहायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत पाचांतली एक कामगार बाई होती. पुढे बायकांच्या रात्रपाळीवर बंदी आली, 1929 मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला, यंत्रं बदलली, आणि मालकांनी बायकांना कमी करायला सुरुवात केली. कायदा बाईच्या भल्याचा होता, त्याचा भुर्दंड मात्र तिच्याच नोकरीवर टाकला गेला. मग त्या खानावळी चालवू लागल्या. दहा-वीस गिरणी कामगारांचे डबे, पहाटेपासून चूल, महिनाअखेरीला पैसे, तोवर सावकार. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. त्याआधी गिरणगावाला जेवू घालणाऱ्या या बाईला कुणी कामगार म्हटलं नव्हतं.

18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो कामगार गावी परतले. या विटा परिसरात ते आले तेव्हा दुष्काळ पडलेला होता. घरं चालली ती रोजगार हमीच्या कामांवर आणि त्या कामांवर बायका मोठ्या संख्येनं होत्या. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे आपल्याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, हे इथं सांगायला मला आनंद होतो. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका अजून भेटतात. कायदा 1977 मध्ये झाला. बाईला आणि पुरुषाला एकच दर, काम गावाजवळ, मागेल त्याला. गाव सोडावं लागू नये म्हणून बाईच्या हाती आलेली ही पहिली सोय. स्थलांतरावर बोलताना आपण जाण्याच्या हक्काबद्दल बोलतो. न जाण्याच्या हक्काबद्दलही तितकंच बोललं पाहिजे, आणि त्यासाठी या जिल्ह्यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

परतलेल्या गिरणी कामगारांतून आणि हमीच्या कामावरच्या मजुरांतून इथं मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, भूमिहीनालाही पाण्याचा वाटा हवा असा आग्रह धरला. ती गोष्ट तुम्हाला पाठ आहे. मला तिच्या शेजारची, कमी सांगितली जाणारी गोष्ट सांगायची आहे, परित्यक्तांची.

पुरुष मुंबईला गेला, तिथं दुसरा संसार थाटला, गावातलीला टाकली. किंवा मूल होत नाही म्हणून, हुंड्याचं राहिलं म्हणून माहेरी आणून सोडली. कायद्यानं ती ना विधवा, ना घटस्फोटित. रेशनकार्डावर तिचं नाव सासरी, ती राहते माहेरी, भावाच्या संसारात. भावजय एक भाकरी वाढताना दोनदा बघते. ऐंशीच्या दशकात भारत पाटणकरांच्या आई इंदुताई पाटणकर, गेल आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी सांगली-साताऱ्यात या बायकांना एकत्र आणलं. मागण्या ऐकायला साध्या होत्या. स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, घरासाठी जागा, जमिनीत हक्क. पण त्यामागचा विचार मुळावर घाव घालणारा होता. नवरा नसला तरी ही बाई एक अख्खं कुटुंब आहे, असं त्यात म्हटलेलं होतं.

याचं मोल कळायला त्या काळातले सरकारी कागद पाहायला हवेत. 1979 च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात विस्थापित घरातला सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला गेला, सज्ञान मुलगी नाही. एका घरात अठरा वर्षांवरची दोन मुलं असतील तर मुलाला जमीन, मुलीला लग्न. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेलेल्यांचा न्याय अजून पुरता झालेला नाही, त्यांच्या धरणे आंदोलनांत बायका पुढे बसलेल्या मी पाहिल्या आहेत. 2013 च्या भूसंपादन आणि पुनर्वसन कायद्यात अखेर एक वाक्य आलं: विधवा, घटस्फोटित आणि कुटुंबानं टाकलेल्या स्त्रिया यांना स्वतंत्र कुटुंब मानलं जाईल. दिल्लीतल्या त्या कलमावर परित्यक्तांच्या अशाच लढ्यांची पावलं उमटलेली आहेत, असं माझं मत आहे. संसदेत कुणी इथल्या मोर्च्याचं नाव घेतलं नसेल. मागणी तीच होती.

विट्यात बोलते आहे म्हणून गलाईचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. या तालुक्यांतली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली. तुमच्यातल्या कित्येकांचं लहानपण केरळात किंवा तमिळनाडूत दुकानामागच्या खोलीत गेलं असेल. त्या खोलीत अ‍ॅसिडचा धूर यायचा, आणि तिथंच आई स्वयंपाक करायची. धंद्याची कर्तबगारी आपण सांगतो. परमुलखात बाजारहाट करता करता परकी भाषा शिकलेली, कारागीर पोरांचं जेवण रांधणारी आई धंद्याच्या हिशेबात कुठे लिहिली आहे, ते एकदा घरी जुन्या वह्या काढून पाहा.

आता उलट्या दिशेचं स्थलांतर. आपण जसे बाहेर गेलो, तसे लोक आपल्याकडे येतात. बीडहून, आणि आपल्याच जत, आटपाडी, माणमधून कृष्णाकाठी ऊस तोडायला. वाळवा, पलूस, कराड इथली समृद्धी त्या हातांवर आहे.

फडात मुकादमाला विचारा, टोळीत माणसं किती? तो म्हणेल, बारा कोयते. बारा कोयते म्हणजे चोवीस माणसं. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा कोयता. कराडजवळच्या एका फडात मी एका बाईबरोबर दिवस काढला. पहाटे तीनला ती उठली. कोपीबाहेर तीन दगडांची चूल, भाकऱ्या थापल्या, मोठीला धाकट्याजवळ बसवलं, अंधारात फडावर. तो तोडत गेला, ती पाचट सोलून मोळ्या बांधत गेली. दुपारी गाडी लागली. डोक्यावर मोळी घेऊन ती ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून चढायची, मोळी टाकून उतरायची, पुन्हा चढायची. अंधार पडल्यावर कोपीवर आली ती डोक्यावर वाढ्याचा भारा घेऊन, ते विकून मीठमिरचीचे पैसे होतात. मग पाणी, स्वयंपाक, धुणं. नवरा तोवर आडवा झाला होता आणि त्याला मी दोष देत नाही, त्याचीही पाठ मोडलेली होती. पण रात्री गाडी आली तर दोघांनाही उठायचं होतं, आणि तिला त्याआधी भांडी घासायची होती. मी विचारलं, मुकादमाकडून आगाऊ उचल किती घेतली? तिनं नवऱ्याकडे पाहिलं. रक्कम त्यानं सांगितली. कागदावर अंगठा त्याचा, फेडायची दोघांनी.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढीचा करार झाला. स्वागत आहे. पण तो दर टनाला आहे आणि टन जोडीचा आहे. त्यात तिच्या श्रमाचा वेगळा रुपया कुठे नाही. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, पोटात दुखलं तरी खाडा परवडत नाही. याचा शेवट कुठे होतो, ते 2019 मध्ये उघड झालं. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. हा प्रश्न मग जगभर गेला. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं महाराष्ट्रातल्या साखरेवर मोठा वृत्तांत छापला आणि शीतपेयांच्या बड्या अमेरिकी कंपन्यांपर्यंत ही साखर कशी पोचते, ते दाखवलं. साखर एवढ्या दूरवर पोचते. तिच्यासाठी ऊस तोडणारीचं नाव मात्र मुकादमाच्या वहीतही नसतं.

आणि यातून पुढची पिढी घडते. जोडीला उचल मिळते, एकट्या पोराला अर्धी. म्हणून पोराचं लवकर लग्न लावलं जातं आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलगी फडात येते. ती कोयत्याचा दुसरा हात म्हणून आलेली असते. पाहणीत तिच्यापुढेही ‘लग्न’ असंच लिहिलं जातं. बालविवाहाबद्दल आपण आईबापांना शहाणपण शिकवायला जातो. हिशेब बदलला नाही तर ते शहाणपण टिकणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे, त्यासाठी टनामागे 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचे असं ठरलं आहे. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना मागत आहेत ते त्याच पैशात बसणारं आहे: बाईची स्वतंत्र नोंदणी, फडाजवळ पाणी आणि संडास, बाळंतपणात खाडा नाही. मी त्यात माझं एक घालते. निम्मी मजुरी तिच्या खात्यावर. आपल्या दोन जिल्ह्यांतले सहकारी कारखाने स्वातंत्र्यलढ्याचा, प्रतिसरकारचा वारसा सांगतात. त्यांनी हे एका हंगामात करून दाखवावं.

सीमेबद्दल बोलायचं राहिलं. सीमा म्हटलं की आपल्याला बेळगाव आठवतं, किंवा नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या 40 गावांवर सांगितलेला हक्क आठवतो. त्या गावांनी पूर्वी कर्नाटकात जायचं म्हटलं होतं ते पाण्यासाठी. टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला कुठलं राज्य, यापेक्षा पाणी कधी, हा प्रश्न मोठा होता, हे दोन्हीकडच्या भाषणांत फारसं आलं नाही.

त्याच सीमेवरून आणखी एक वाट सांगलीत येते. बेळगाव, बागलकोट, विजापूरकडून, सौंदत्तीच्या यल्लम्माला देवदासी म्हणून वाहिलेल्या किंवा न वाहिलेल्या, गोकुळनगरात येऊन देहविक्री करणाऱ्या बायकांची. त्यांच्याबद्दल सभेत बोलताना आपल्याकडे आवाज खाली येतो. मी खाली आणणार नाही. 1992 पासून संग्राम ही संस्था मीना सेषू यांच्या पुढाकारानं तिथं एड्सविरोधी काम करू लागली. काम बायकांनीच हातात घेतलं, निरोध वाटले, गिऱ्हाइकाला अट घालायला शिकल्या, आणि 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. मग 2003 मध्ये अमेरिकेनं एड्सच्या मदतीचा कायदा केला. अट अशी, की पैसा घेणाऱ्या संस्थेनं वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं धोरण लिहून द्यावं. वॉशिंग्टनमधल्या त्या वाक्याचा अर्थ सांगलीत असा होत होता, की ज्या बायका हे काम चालवतात त्यांच्याच विरोधात सही करा. संग्रामनं 2005 मध्ये ती सही केली नाही आणि पैसा सोडला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये तिथल्या संस्थांपुरती ही अट घटनाबाह्य ठरवली. 2020 मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं, की परदेशातल्या संस्थांना हे संरक्षण नाही. म्हणजे विचारस्वातंत्र्य न्यूयॉर्कच्या कार्यालयाला, सांगलीला नाही. जागतिक विकासात सीमा कुठे असते याचं याहून स्पष्ट उदाहरण मला सापडलेलं नाही.

आपल्या स्त्रीवादी चळवळीत या प्रश्नावर दोन मतं आहेत, आणि दुसऱ्या मताच्या मैत्रिणी इथं बसल्या आहेत. मूल असेल, जबरदस्ती असेल, तिथं वाद नाही, सोडवलंच पाहिजे. पण सज्ञान बाईला धाड घालून उचलायचं, तिला न विचारता सुधारगृहात ठेवायचं आणि त्याला सुटका म्हणायचं, हे मला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयानं 19 मे 2022 च्या आदेशात या बायकांच्या सन्मानाबद्दल आणि पोलिसांच्या वागण्याबद्दल जे निर्देश दिले, ते आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या ठाण्यांत वाचले जावेत. फडातली बाई नवऱ्याची जोड म्हणून मोजली जाते, गोकुळनगरातली दलालाचा बळी म्हणून. दोघींनाही विचारून कुणी लिहीत नाही.

शेवटी या सभागृहातल्या शिक्षक-शिक्षिकांशी बोलते, कारण तुमच्यातले बरेच जण जनगणनेच्या कामावर असतील. लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. फेब्रुवारीत गाळप हंगाम चालू असतो. बीड, जत, माणच्या त्या बायका तेव्हा आपल्या गावच्या शिवारात, कोप्यांत असतील. दिवसा गेलात तर कोपीत लेकरं आणि म्हातारी माणसं भेटतील, बाई फडात असेल. तेव्हा एक तर भल्या पहाटे जा किंवा फडावर जा. नवऱ्याला किंवा मुकादमाला विचारून तिच्या नावापुढे ‘घरकाम’ लिहू नका. ती का आली, याचं उत्तर ती लग्न असंच देईल, ते लिहा. पण कामाचाही प्रश्न असतो. तो तिलाच विचारा: वर्षातले किती महिने काम केलंस, कसलं काम, कुणासाठी. तिला सांगायला वेळ लागेल, कारण हे तिला आजवर कुणी विचारलेलं नाही. तेवढा वेळ तिथं थांबा.